मशवऱ्यातून घडलेला कायदा

कराडात दोन ठिकाणे पाहुण्यांना आवर्जून दाखवली जातात. एक, गावाच्या मध्यवस्तीतले मशिदीचे आदिलशाही काळातले उंच मनोरे. आणि दुसरे, कृष्णा-कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात त्या प्रीतिसंगमावरची यशवंतराव चव्हाणांची समाधी. दरवर्षी २५ नोव्हेंबरला, यशवंतरावांच्या पुण्यतिथीला, संगमावर पुढाऱ्यांची रीघ लागते. भाषणांत संयुक्त महाराष्ट्राचा मंगल कलश येतो, १९६२ ची हिमालयावरची हाक येते, त्यांचे साहित्यप्रेम येते. मात्र गावोगावच्या शाळा, दवाखाना, पाणी आणि रस्ता यांच्याशी रोजचा संबंध असलेले त्यांचे एक काम त्या मानाने कमी आठवले जाते. ते काम म्हणजे महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१.

रमजान हा कुरआनच्या अवतरणाचा महिना. त्या कुरआनातल्या बेचाळिसाव्या अध्यायाचे नावच ‘शूरा’ म्हणजे सल्लामसलत असे आहे. सार्वजनिक कामे आपसांतल्या विचारविनिमयाने चालवणे ही श्रद्धावंतांची एक ओळख म्हणून तिथे सांगितली आहे. मुस्लिम घरांत ‘मशवरा करून ठरवू’ हे वाक्य लग्नाच्या बैठकीपासून मशिदीच्या जमातीपर्यंत सतत कानावर येते. घरातला मशवरा सोपा असतो, कारण कोण कुठे बसणार हे ठरलेले असते. लाखो लोकांच्या जिल्ह्यात मशवऱ्याला कुणाला बसवायचे, बसलेल्यांच्या शब्दाला किती वजन द्यायचे आणि बैठकच बोलावली नाही तर दाद कुठे मागायची, हे कायद्याने ठरवावे लागते. तो कायदा टिकावा असे वाटत असेल, तर त्याच्यामागे अभ्यास लागतो. कराडच्या एका वकिलाने घडवलेल्या या कायद्याची साठ वर्षांहून अधिक काळाची वाटचाल हेच सांगते. या वाटचालीशी सातारा-सांगलीतल्या अत्तार, बागवान, तांबोळी, मुलाणी, शिकलगार घरांचाही फार जवळचा संबंध आहे.

कृष्णाकाठची पूर्वपीठिका

हा कायदा मुंबईत मंजूर झाला असला, तरी त्याच्या मागची कल्पना या भागाला नवी नव्हती. कराड हे एकेकाळी पंतप्रतिनिधींचे ठाणे. पुढे याच घराण्याचे छोटे संस्थान औंधला राहिले. त्या संस्थानाचे राजे भवानराव यांनी १९३९ मध्ये आपले अधिकार प्रजेच्या हाती सोपवणारी घटना लागू केली. महात्मा गांधींच्या सल्ल्याने ती तयार झाली होती. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून भारतात आलेले मॉरिस फ्रिडमन यांनी तिच्यासाठी मेहनत घेतली. गावाने आपली पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका परिषद व्हायची आणि तिथून राज्याच्या सभेवर प्रतिनिधी जायचे, अशी ती रचना होती. तेव्हा देशात इंग्रजांचे राज्य होते आणि बहुतेक संस्थानांत राजाचा शब्द हाच कायदा होता. त्या काळात आटपाडीसारख्या दुष्काळी भागातला शेतकरी गावच्या कारभारावर मत देत होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि हा प्रयोग थांबला, पण त्याची आठवण राहिली.

दुसरा अनुभव प्रतिसरकारचा. २४ ऑगस्ट १९४२ रोजी कराडच्या मामलेदार कचेरीवर मोठा मोर्चा गेला. कचेरी हे परक्या सत्तेचे दार होते, आणि त्या दारावर तिरंगा लावावा ही मोर्चाची मागणी होती. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात गावोगाव लोकांचा कारभार चालला. भांडणतंटे सोडवायला न्यायदान मंडळे होती, बंदोबस्ताला तुफान सेना होती. त्या कारभाराच्या कडक शिक्षांबद्दल आजही वाद होतात. पण कचेरीशिवाय गाव आपला कारभार करू शकते, हा विश्वास या लोकांनी अनुभवातून मिळवला होता.

यशवंतराव याच मातीतले. १२ मार्च १९१३ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले, आईने कष्टाने मुले वाढवली, शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. १९३२ मध्ये झेंडा फडकावल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात वाचन आणि चर्चा यांची गोडी लागली. कोल्हापुरातून पदवी आणि पुण्यातून १९४१ मध्ये कायद्याची पदवी घेऊन ते कराडात वकिली करू लागले. वर्षभरातच बेचाळीसचे आंदोलन पेटले आणि वकिली मागे पडली. तरी कागद नीट वाचायचा, समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकायचे आणि मग निर्णय घ्यायचा, ही वकिलाची सवय त्यांच्या कारभारात कायम राहिली.

समितीचा अहवाल आणि एक मोठा मतभेद

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. दोन महिन्यांच्या आत, २७ जून १९६० रोजी, महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. लोकशाही विकेंद्रीकरण महाराष्ट्रात कसे आणायचे, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. तोवर देशपातळीवर बलवंतराय मेहता समितीचा १९५७ चा अहवाल आला होता, आणि २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौर येथे पंचायत राज सुरूही झाले होते. महाराष्ट्राने तोच आराखडा जसाच्या तसा उचलला असता, तर काम सोपे होते.

नाईक समितीने तसे केले नाही. मेहता समितीने खरा अधिकार तालुक्याच्या, म्हणजे गटाच्या पातळीवर ठेवायला सांगितले होते. जिल्हा परिषद तिच्या आराखड्यात केवळ सल्ला देणारी होती आणि तिच्या अध्यक्षपदी जिल्हाधिकारीच होता. महाराष्ट्राच्या समितीचे म्हणणे वेगळे होते. गट हा फार लहान घटक आहे. एका गटाला अभियंता, शेतीतज्ज्ञ, डॉक्टर अशी सगळी माणसे पुरवणे परवडणारे नाही. पैसा आणि कर्मचारी मिळून एखादी योजना पार पाडण्याची ताकद जिल्ह्याच्या पातळीवरच जमू शकते. म्हणून मुख्य अधिकार जिल्हा परिषदेकडे असावेत, पंचायत समितीने तालुक्यात ते काम राबवावे आणि ग्रामपंचायतीने गावात.

१५ मार्च १९६१ रोजी समितीने २२६ शिफारशींचा अहवाल दिला. त्यावर आधारलेला कायदा त्याच वर्षी झाला आणि राज्याच्या दुसऱ्या वाढदिवशी, १ मे १९६२ रोजी, अमलात आला. कायद्यातल्या तीन गोष्टी आज सवयीच्या वाटतात, पण तेव्हा त्या धाडसाच्या होत्या.

पहिली, जिल्हाधिकारी जिल्हा परिषदेबाहेर राहिला. इंग्रजांच्या काळापासून जिल्ह्याचा मालक समजला जाणारा अधिकारी विकासाच्या कामात बाजूला झाला. परिषदेचा प्रशासकीय प्रमुख म्हणून मुख्य कार्यकारी अधिकारी आला, पण निर्णय घेणारा अध्यक्ष लोकांनी निवडलेल्या सदस्यांतून येणार होता.

दुसरी, आमदार-खासदारांना परिषदेचे सदस्यत्व दिले नाही. मुंबई-दिल्लीत बसणाऱ्याने जिल्ह्यातही खुर्ची अडवू नये, गावातल्या नव्या कार्यकर्त्याला वाव मिळावा, हा त्यामागचा विचार होता. पुढच्या कित्येक मंत्र्यांनी आणि मुख्यमंत्र्यांनी राजकारणाचे पहिले धडे याच सभागृहांत गिरवले.

तिसरी, जुनी जिल्हा लोकल बोर्डे आणि जिल्हा स्कूल बोर्डे संपली आणि प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. ‘झेडपीची शाळा’ हा शब्द मराठीत तेव्हापासून रुळला. सातारा-सांगलीच्या खेड्यांतल्या मुस्लिम मुलांच्या कितीतरी पिढ्या याच शाळांत बाराखडी शिकल्या. उर्दू माध्यमाची जिल्हा परिषद शाळा कुठे सुरू राहायची, शिक्षक कुठे द्यायचा, वर्गखोली कधी दुरुस्त करायची, हे प्रश्नही त्याच सभागृहात गेले.

कायदा लागू होऊन सहा-सात महिने होतात तोच चीनच्या युद्धामुळे यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांनी लावलेले रोप पुढे दुसऱ्यांनी वाढवायचे होते. महाराष्ट्राची भूमिका बरोबर होती, याला एक दाखला नंतर मिळाला. १९७८ मध्ये अशोक मेहता समितीने देशासाठी अहवाल दिला, तेव्हा विकेंद्रीकरणाचा पहिला टप्पा जिल्हाच असावा, असे तिनेही म्हटले.

कायदा होता, निवडणूक नव्हती

एवढ्या विचाराने केलेल्या कायद्यात एक मोठी फट राहिली होती. निवडणूक वेळेवर घ्यायलाच हवी, अशी सक्ती कुठे पक्की नव्हती. मुदतवाढ देण्याचा अधिकार सरकारच्या हाती होता. पहिल्या तीन निवडणुका १९६२, १९६७ आणि १९७२ अशा दर पाच वर्षांनी झाल्या. त्यानंतरची १९७९ मध्ये झाली, म्हणजे सात वर्षांनी. आणि तिच्या पुढची थेट १९९२ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी. १९७९ मध्ये जन्मलेले मूल सातवी-आठवीत गेले, तरी त्याच्या गावाने जिल्हा परिषदेसाठी पुन्हा मतदान केलेले नव्हते.

अभ्यास या काळातही होत होता. एल. एन. बोंगीरवार समितीने १५ सप्टेंबर १९७१ रोजी २०२ शिफारशी दिल्या. १९८४ च्या जूनमध्ये सांगलीचे प्रा. पी. बी. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती बसली. शांतिनिकेतन या शिक्षणसंस्थेमुळे सांगलीकरांना त्यांचे नाव घरचे आहे. कराडच्या वकिलाने सुरू केलेल्या कामाची झाडाझडती कृष्णेच्याच काठावरच्या एका शिक्षकाकडे यावी, हा योग चांगला होता. समितीने १९८६ च्या जूनमध्ये १८४ शिफारशींचा अहवाल सादर केला. त्यानंतरही निवडणुकीला सहा वर्षे लागली.

अहवाल कितीही चांगला असला, तरी तो मानायचा की नाही हे ज्याच्या मर्जीवर असते, तो आपल्या अडचणीच्या शिफारशी बाजूला ठेवतो. या अनुभवातून देशाने धडा घेतला. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली. पंचायतींची मुदत पाच वर्षे, मुदत संपण्याआधी निवडणूक, ती घ्यायला स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा, या गोष्टी थेट राज्यघटनेत गेल्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आपले कायदे त्यानुसार बदलले. पुढे २०११ पासून राज्यात स्त्रियांचा वाटा निम्मा झाला.

अत्तार, बागवान, तांबोळी

१९९४ च्या त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आली. इतर मागासवर्गासाठी, म्हणजे ओबीसींसाठी, २७ टक्के जागा राखीव झाल्या. राज्यघटनेने स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण बंधनकारक केले होते. ओबीसींबाबतचा निर्णय मात्र राज्यांवर सोपवला होता. महाराष्ट्राने तो घेतला.

सातारा-सांगलीच्या मुस्लिमांसाठी या तरतुदीचा अर्थ काय होता, हे समजायला गावगाड्याकडे पाहावे लागते. या भागातले मुस्लिम बहुतांशी गावात विखुरलेले आहेत. एका गावात पाच-दहा उंबरे असतात. मुलाणी गावगाड्यातले बलुतेदारीचे काम करायचा, शिकलगार विळे-कोयत्यांना धार लावायचा, तांबोळी पान विकायचा, बागवान फळे-भाजी, अत्तार सुगंध आणि काकणे, नदाफ कापूस पिंजायचा, मोमीन विणायचा. आडनाव हाच धंदा आणि धंदा हीच जात, असे हे समाज. मतांच्या हिशेबात ते कुठेच बसत नव्हते. दहा घरांच्या बळावर सरपंच होता येत नाही, आणि जिल्हा परिषदेच्या गटात तर ती दहा घरे दिसतही नाहीत. गावात त्यांना मान होता, गणपतीला आणि उरुसाला हाक होती, पण ठराव मांडायला खुर्ची नव्हती.

मंडल आयोगाच्या शिफारशींनंतर या जातींनाही ओबीसी म्हणून मान्यता मिळावी, यासाठी जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी राज्यभर चळवळ उभी केली. अभिनेते दिलीपकुमार त्यांच्या सभांना जात. इस्लाममध्ये जात नाही, मग जातीचा दाखला कशाला, असा आक्षेप समाजातूनच आला. चळवळीचे उत्तर सरळ होते. धर्माने भेद मानला नाही, हे खरे. पण धंद्याने आणि गरिबीने आलेले मागासपण प्रत्यक्षात आहे, आणि सरकारी सवलत त्या मागासपणासाठी आहे. १९९४ च्या डिसेंबरात राज्य शासनाने मुस्लिमांतल्या मागास जातींना ओबीसी दाखले देण्याबाबत निर्णय काढला.

दोन दरवाजे एकाच वर्षी उघडले. ओबीसींची राखीव जागा आली आणि मुस्लिम ओबीसींना दाखलाही मिळू लागला. त्यामुळे ज्या गावात मुस्लिमांची दहाच घरे होती, तिथेही चिठ्ठीने जागा ओबीसीला सुटली की मुलाणी, अत्तार किंवा बागवान उमेदवार उभा राहू लागला. जागा ओबीसी स्त्रीसाठी सुटली, तर त्याच घरातली सून पंचायतीत बसू लागली. गावानेही त्यांना मते दिली. धर्माच्या नावावर जागा मागण्याची वेळच आली नाही. मागासपणाच्या सर्वसाधारण निकषात ही माणसे आपोआप सामावली गेली. राज्यघटनेच्या चौकटीत राहून अल्पसंख्याकांतल्या सगळ्यात मागच्या माणसाला पुढे आणण्याचा हा मार्ग आजही अभ्यासण्यासारखा आहे.

आकडा कुठे आहे?

इथून पुढची कथा न्यायालयातली आहे. तिचा मुद्दा एकच आहे: मोजणी.

ओबीसींच्या २७ टक्के जागा ठरवताना कोणत्या गावात, कोणत्या तालुक्यात ओबीसी किती आहेत, हे कुणी मोजले नव्हते. सगळ्या जातींची मोजणी होऊन आकडे प्रसिद्ध झाले, ती शेवटची जनगणना १९३१ ची. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कृष्णमूर्ती खटल्यात निकाल दिला. स्थानिक संस्थांतले ओबीसी आरक्षण घटनेला धरून आहे, पण शिक्षण-नोकरीतले मागासपण आणि राजकारणातले मागासपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून राजकीय आरक्षणासाठी स्वतंत्र आणि काटेकोर पाहणी हवी, असे न्यायालयाने सांगितले. ही सूचना अकरा वर्षे तशीच पडून राहिली.

४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या याच कायद्यातल्या ओबीसी आरक्षणाच्या कलमाला हात घातला. तीन अटी पूर्ण केल्याशिवाय हे आरक्षण देता येणार नाही, असे ठरले. स्वतंत्र आयोग नेमून मागासपणाची पाहणी करायची, प्रत्येक संस्थेसाठी प्रमाण वेगळे ठरवायचे आणि सगळी आरक्षणे मिळून पन्नास टक्क्यांच्या वर जायचे नाही. यालाच वर्तमानपत्रांनी ‘ट्रिपल टेस्ट’ म्हटले. विदर्भातल्या काही जिल्हा परिषदांमधली ओबीसी जागांवरची निवड त्या निकालाने रद्द झाली.

मग धावपळ सुरू झाली. माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली मार्च २०२२ मध्ये आयोग नेमला गेला आणि जुलैमध्ये त्याचा अहवाल आला. राज्यात ओबीसी ३७ टक्के असल्याचा अंदाज त्याने दिला. एवढ्या थोड्या वेळात घरोघर जाणे शक्य नव्हते; मतदारयाद्यांतल्या आडनावांचा आधार घेतला गेला. त्यावर ओबीसी नेत्यांनीच टीका केली, कारण एकच आडनाव अनेक जातींत असते.

मुस्लिमांच्या बाबतीत ही अडचण आणखी वाढते. सातारा-सांगलीत बागवान, तांबोळी, शिकलगार ही आडनावे धंदा सांगतात, म्हणून निदान ओळखू येतात. पण त्याच जातीतल्या कितीतरी कुटुंबांनी कागदावर शेख किंवा सय्यद लावले आहे. ‘शेख’ या शब्दावरून तो माणूस पिंजारी आहे, खाटीक आहे की आणखी कुणी, हे मतदारयादी वाचून कुणालाही सांगता येणार नाही. आडनावावरून मोजणी झाली, तर अशी घरे मोजणीतून गळतात. घर मोजणीतून गळले की पुढच्या आरक्षणातही ते धरले जात नाही.

दरम्यान मार्च २०२२ मध्ये सातारा, सांगलीसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि ओबीसी आरक्षण बांठिया अहवालाच्या आधी होते तसे ठेवायला सांगितले. तोवर तीन वर्षांहून अधिक काळ लोकांनी निवडलेला एकही सदस्य त्या सभागृहांत नव्हता. शाळेच्या छपराचा किंवा आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या पदाचा प्रश्न सभेत उभे राहून विचारणारा कुणी नव्हता. प्रशासक चांगला असेलही, पण त्याला मत देऊन आणलेले नसते, म्हणून जाबही विचारता येत नाही. १९७९ ते १९९२ चा अनुभव वेगळ्या कारणाने पुन्हा आला. तेव्हा कायद्यातली फट कारण होती, या वेळी अभ्यासातली.

खुर्ची ही अमानत

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाबद्दल पुष्कळ बोलले जाते, पण त्या अहवालाचे खरे बळ त्यातल्या तक्त्यांत होते. देशातल्या मुस्लिमांपैकी ४०.७ टक्के लोक ओबीसी आहेत, हे २००४-०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे त्यात दाखवले गेले. तोवर ‘मुस्लिम मागास आहेत’ आणि ‘मुस्लिमांचे लाड होतात’ अशी दोन्ही वाक्ये सारख्याच आवाजात बोलली जात. आकडा आल्यावर चर्चेला पाया मिळाला. धोरणाच्या जगात तळमळीला मोल आहेच, पण पुराव्याशिवाय ती सभागृहाच्या दारापर्यंतच पोचते.

म्हणूनच ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने जाहीर केलेला निर्णय महत्त्वाचा आहे. येत्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. गणना करणारा दारात येईल तेव्हा ‘जात कोणती?’ या प्रश्नाला मुस्लिम घरांतून नुसते ‘मुस्लिम’ असे उत्तर गेले, तर धर्माचा रकाना दोनदा भरला जाईल आणि जातीचा कोराच राहील. अत्तार, मोमीन, नदाफ, मुलाणी, जे असेल ते सांगण्यात धर्माला कमीपणा नाही. ती आपल्या परिस्थितीबद्दलची खरी साक्ष आहे, आणि खरी साक्ष लपवू नये, ही शिकवण तर या समाजाला लहानपणापासून मिळते.

कागदाचा दुसरा प्रश्न त्याहून जुना आहे. ओबीसीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात मास्तरांनी ‘मुसलमान’ एवढेच लिहिलेले असते आणि नातवाचे काम तिथे अडते. निवडून आल्यानंतर ठरलेल्या मुदतीत जात पडताळणीचे प्रमाणपत्र दिले नाही, तर पदही जाते. निवडणुकीची चिठ्ठी निघाल्यावर कागद शोधायला निघणाऱ्याच्या हाती बहुधा निराशाच येते. जुने खरेदीखत, जन्म-मृत्यूच्या नोंदी, एखाद्या चुलत्याच्या दाखल्यावरचा धंद्याचा उल्लेख, हे सगळे शोधून एका फाईलला लावून ठेवणे हे गल्लीतल्या शिकलेल्या मुलामुलींना सहज जमेल असे काम आहे. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करायला घरोघर वही उघडली जाते. त्याच वेळी ही फाईलही उघडली, तर वर्षाचे एक मोठे काम मार्गी लागेल.

कागद झाला, खुर्ची मिळाली, तरी काम तिथे संपत नाही. मुस्लिम परंपरेत पदाला ‘अमानत’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलेली. ओबीसीच्या जागेवर बसलेली मुलाणी घरातली सदस्या केवळ दहा घरांची प्रतिनिधी नसते. तिला मत देणाऱ्यांत गावातले मराठा, धनगर, माळी, बौद्ध सगळे असतात. नळाला पाणी येत नाही म्हणून ती सभेत बोलते, तेव्हा पाणी सगळ्या आळीला मिळते. तिच्या नावावर नवरा किंवा दीर सही करू लागला, तर मात्र नाईक समितीपासून आजवर झालेला सगळा अभ्यास तिच्या खुर्चीपाशी येऊन थांबतो.

प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी बसून वाचले, मोजले, ऐकले, म्हणून हा कायदा इथवर आला. जिथे मोजायचे राहिले, तिथे तो अडखळला. आता मोजणीची पाळी सामान्य कुटुंबांवर आली आहे. गणनेचा कागद भरताना खरे सांगणे आणि ग्रामसभेच्या दिवशी दुकान तासभर बंद ठेवून हजर राहणे, एवढे तर प्रत्येक घराला करता येईल. मशवऱ्याला बोलावणे आले असताना जो घरी बसतो, त्याचे म्हणणे पुढे कुणी विचारत नाही.